बाबांच्या आठशेला नवं इंजिन

सकाळी 9 ला गॅरेजमध्ये गेलो तो आत्ता घरी आलोय. बाबांची 1989ची मारुती 800. जुनं 796 सीसीचं इंजिन चेनकप्पीला लटकत वर आलं तेव्हा बाबा काहीच बोलले नाहीत, नुसते फडक्याने त्याचं कव्हर पुसत राहिले.

त्या जागी बसलं सुझुकीचं 998 सीसीचं बूस्टरजेट, म्हणजे हवा दाबून आत भरणारा टर्बो असलेलं इंजिन. सिलिंडर दोन्हींत तीनच, पण जुन्याची ताकद 40 हॉर्सपॉवरसुद्धा नव्हती, याची 100 च्या घरात. आणि गाडी जेमतेम साडेसहाशे किलोची! टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरसाठी रेडिएटरपुढची पट्टी कापावी लागली. कार्ब्युरेटर गेला, ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, वायरींचा गुंता आला. तो सोडवण्यातच दुपार गेली.

संध्याकाळी स्टार्टर मारला, रेस दिली आणि फट्ट! बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या दाबलेल्या हवेचा, पाइप निसटला. क्लिप बदलली, पुन्हा रेस दिली. टर्बोची ती बारीक शिट्टी ऐकली आणि अंगावर काटा आला.

असा बदल आरटीओच्या नियमांत बसत नाही, त्यामुळे गाडी आता ट्रेलरवरून फक्त ट्रॅकवर जाईल. त्याआधी ब्रेक बदलायचेत, 12 इंची चाकांतल्या जुन्या ब्रेकना हा जोर झेपणार नाही.

जुनं इंजिन भंगारात द्यायला बाबांनी साफ नकार दिला. जिन्याखाली ठेवलंय, वर त्यांचीच जुनी चादर.