दोन दोरे, एकच माप

पॅथॉलॉजी लॅबमध्ये फॉर्मालिनच्या डबीतून गाठ काढली, टिपून ट्रेमध्ये ठेवली. स्तनातली गाठ, भोवतीच्या चरबीसकट, वर त्वचेची बोटभर पट्टी. तिला दोन काळे टाके, एकमेकांशी काटकोनात. सर्जनशी आमचं ठरलेलं असतं: शॉर्ट म्हणजे सुपिरियर, डोक्याकडची बाजू, लाँग म्हणजे लॅटरल, काखेकडची. इथं मात्र दोन्ही दोरे सारखेच. मोजपट्टी लावली तर एक 14 मिलिमीटर, एक 15. डबीवर नुसतं ‘ब्रेस्ट लम्प’. फॉर्मवरही डावं-उजवं काही नाही.

गाठीच्या सहा बाजूंना आम्ही सहा रंगांची शाई लावतो आणि मग काप करतो. मायक्रोस्कोपखाली कॅन्सरच्या पेशी ज्या रंगाला टेकलेल्या दिसतील, त्याच बाजूला सर्जन पुन्हा जाणार. रंग चुकला की सगळंच चुकलं.

“मॅडम, 15वाला लॅटरल धरूया?” रेसिडेंट म्हणाली. एका मिलिमीटरवर? मी सुरी खाली ठेवली.

त्वचा वर, म्हणजे पेशंट आपल्याकडं तोंड करून उभी आहे असं समजायचं. तिची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला. एक दोरा घड्याळातल्या बाराच्या ठिकाणी, दुसरा तीनच्या. बाराचा सुपिरियर असेल तर लॅटरल आपल्या उजवीकडं पडतो, म्हणजे स्तन डावा. तीनचा सुपिरियर असेल तर गाठ पाव फेरा फिरवायची. दुसरा दोरा नऊवर येतो, म्हणजे स्तन उजवा. खरं सांगते, हे मी ग्लोव्हच्या पाकिटावर दोनदा काढून पाहिलं. दोऱ्यांच्या लांबीची गरजच नव्हती, बाजू कळली की पुरे.

सर्जन दुसऱ्या केसमध्ये होते. ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या, सिस्टरनी रजिस्टर पाहून सांगितलं, “डावा.”

“पेशंटचा डावा ना?”

“मग काय माझा?”

प्रश्न वेडगळ वाटतो, पण याच घोळापायी शरीरशास्त्रात डावं-उजवं नेहमी पेशंटचं धरतात. तरी मी शाईला हात लावला नाही. संध्याकाळी सर्जन ओटीच्या चपलांवरच आले, गाठ फिरवून पाहिली आणि बाराच्या दोऱ्यावर बोट ठेवलं. “हा वरचा. लांब दोरा कुणीतरी छाटलेला दिसतोय.” छाटणाऱ्याचं नाव मी विचारलं नाही.

स्लाइड्स आल्या तेव्हा नऊच्या बाजूला पेशी हिरव्या शाईला टेकलेल्या. मीडियल मार्जिन, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाकडची कड. आणि 15 मिलिमीटरचा दोरा बाराचाच होता. त्याला लॅटरल धरलं असतं तर हीच बाजू मी इन्फिरियर, म्हणजे खालची, लिहिली असती, सर्जननी स्तनाचा खालचा भाग काढला असता आणि उरलेला आजार जागच्या जागी राहिला असता.

दुसऱ्या ऑपरेशनचा नमुना आला तेव्हा लांब दोरा डबीच्या झाकणाबाहेर लोंबत होता. फॉर्मवर ‘डावा’ तीन ठिकाणी लिहिलेलं.