कोऑर्डिनेट्सचे फॉरमॅट: टिंब कुठे आहे ते आधी बघा

जिओकॅशिंगसाठी (लपवलेले डबे, म्हणजे कॅश, जीपीएसने शोधायचा छंद) अक्षांश-रेखांश लिहायच्या पद्धती नीट समजून घ्यायचं मनावर घेतलं होतं, त्यातलं बऱ्यापैकी डोक्यात बसलंय, तर आतापर्यंतचं इथे लिहून ठेवतोय.

उदाहरण मुद्दाम आपल्या छंदातलंच घेतलं, डेव्ह उल्मरने ३ मे २००० ला ओरेगॉनमध्ये लपवलेली पहिली कॅश: उत्तर ४५° १७.४६०', पश्चिम १२२° २४.८००'. हे झाले अंश आणि दशांश मिनिटं. समुद्रावरही हेच जास्त चालतं, कारण अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळपास एक नॉटिकल मैल, १८५२ मीटर. आता टिंबापुढचे ०.४६० घेऊन ६० ने गुणले की २७.६ सेकंद, म्हणजे ४५° १७' २७.६". आणि अख्खे १७.४६० जर ६० ने भागले तर ०.२९१, म्हणजे ४५.२९१ अंश. जागा तीच.

ग्यानबाची मेख टिंबात आहे! ते अंशांना लागलंय, मिनिटांना की सेकंदांना, एवढं आधी बघायचं. हीच कॅश कोणी ४५.१७४६०, -१२२.२४८०० अशी टाकली तर पिन साधारण १८ किमी आग्नेयेला जाऊन पडते आणि मॅप काही बोलत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तोही बरोबरच पत्ता. मिनिटांच्या जागी ६० किंवा जास्त दिसलं तर वाचण्यात गडबड आहे हे लगेच कळतं, पण त्याच्या आतला आकडा असेल तर असा इशारा मिळत नाही.

जीपीएस रिसीव्हरचा कच्चा एनएमईए डेटा (रिसीव्हर ज्या ओळींमधून जागा पाठवतो तो फॉरमॅट) बघाल तर तिथे ४५१७.४६० असं सगळं चिकटून येतं. टिंबाआधीचे दोन आकडे मिनिटांचे, त्याआधी जे उरतं ते अंश. हे कळल्यावर जाम भारी वाटलं, सगळी ओळ एकदम वाचता यायला लागली.

बाकी, दशांश अंशात दक्षिण आणि पश्चिम उणे. जिओजेसन आणि केएमएल (नकाशाचा डेटा साठवायचे फॉरमॅट) फाइलमध्ये रेखांश आधी येतो, हे लक्षात ठेवाच. दशांशाचं पाचवं घर म्हणजे अक्षांशात साधारण १.१ मीटर, त्यामुळे फोनवरून घेतलेल्या जागेला आठ-आठ घरं लिहिण्यात अर्थ नाही.

आता यूटीएम (जागा सांगायची आणखी एक पद्धत) घेतलंय, ६ अंश रुंदीचे ६० झोन आणि सगळं मीटरमध्ये. वरची कॅश झोन १० मध्ये येते, तिथूनच सुरुवात करतोय.