अरासच्या भिंतीवरचं नाव

टूर घेऊन पॅरिसहून कॅलेची बोट गाठायची असली की माझ्या जिवाला सकाळपासून घोर असतो. बोट चुकली तर लंडनचं सगळंच वेळापत्रक कोलमडतं. त्यामुळे नाश्त्याच्या वेळी कोल्हापूरचे काका जवळ येऊन "ताई, वाटेत अरासला अर्धा तास थांबवता येतंय का बघा की" म्हणाले, तेव्हा नकार माझ्या ओठांवरच होता. पण या सत्तरीच्या माणसाने चार दिवसांत माझ्याकडे काहीच मागितलं नव्हतं. ड्रायव्हरला कुठेतरी पाऊण तास विश्रांती द्यायचीच होती. म्हटलं, ती अरासला देऊ.

"कोण आहे तिथं, काका?"

"वॉल्टर टल. लंडनच्या टॉटनहॅम क्लबचा फुटबॉल प्लेअर. पेठेतल्या पोरांना मी त्याची गोष्ट सांगत असतोय."

बस हायवेला लागली आणि मी माइक त्यांच्या हाती दिला. टलचे वडील बार्बाडोसचे सुतार, आई इंग्लंडमधल्या केंट परगण्यातली. जन्म 1888चा. नऊ वर्षांचा होईतो आई गेली, वडीलही गेले, आणि पोरगा लंडनच्या अनाथाश्रमात आला. 1909 साली टॉटनहॅमने त्याला घेतलं. त्याच वर्षी ब्रिस्टलच्या मैदानात प्रेक्षकांच्या एका टोळक्याने त्याच्या रंगावरून इतक्या घाण शिव्या दिल्या, की वार्ताहरालाही त्याबद्दल लिहावं लागलं. पुढे तो नॉर्दम्प्टनला गेला, तिथे शंभरावर सामने खेळला. पहिल्या महायुद्धात, 1914च्या डिसेंबरात, फुटबॉलपटूंच्या पलटणीत भरती झाला. गोऱ्या वंशाचा नसलेल्याला अधिकारी करायचं नाही, असा लष्कराचा नियम होता. तरी 1917च्या मे महिन्यात तो सेकंड लेफ्टनंट झाला. इटलीत पियाव्हे नदीपलीकडे 26 जणांना घेऊन शत्रूच्या हद्दीत शिरला आणि सगळ्यांना सुखरूप परत घेऊन आला. हे सांगताना काकांचा आवाज चढला.

बापोमची पाटी आली तसे ते काचेकडे वळले. "इथंच पलीकडं फाव्रय गाव. तिथंच पडला तो. 25 मार्च 1918." बाहेर नुसती सपाट शेतं होती.

अरासच्या स्मारकावर जवळपास 35,000 नावं आहेत. ज्यांची कबर कुठे आहे हेच माहीत नाही, अशांची. नावं आधी रेजिमेंटप्रमाणे, मग हुद्द्याप्रमाणे कोरलेली. सात नंबरच्या भागापाशी मी आणि काका टलची मिडलसेक्स रेजिमेंट शोधू लागलो. काकांचं उजवं बोट मधल्या पेरात वाकडं आहे. ते वाकडं बोट एकेका ओळीवरून सरकत होतं आणि एका जागी थांबलं. टल. पुढे आद्याक्षरं, बाकी काही नाही.

"बोटाला काय झालं होतं?" मी विचारलं.

"गोलकीपर होतो ओ मी. शाहू स्टेडियमवर मोडलंय." मग थोडं थांबून म्हणाले, "टल पडला तेव्हा बिलिंगहॅम नावाचा त्याचा शिपाई त्याला ओढून मागं आणायला बघत होता. तोबी गोलकीपरच. गोळीबार असला जोरात, की सोडून यावं लागलं त्याला. बॉल हातातून सुटला तर आमच्यासारख्याला रात्रभर झोप लागत नाही, ताई. त्यानं पुढचं आयुष्य कसं काढलं असंल?"

मला उत्तर सुचलं नाही. ते तसेच उभे राहिले, बोट दगडावर ठेवून.

सकाळी बोटीच्या वेळेवरून माझ्याशी वाद घालणारे ठाण्याचे गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन मागे येऊन उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "कुठली ओळ?" काकांनी दाखवली. मुलाने नाव मोठ्याने वाचलं.

निघायची वेळ झाली. बसच्या दाराशी उभी राहून मी नेहमीप्रमाणे माणसं मोजली. 38. सगळे आले होते. तरी मी आत चढून पुन्हा एकदा मोजली.