बासष्ट किलो पाचशे

एप्रिलात गोव्यातल्या वाळपईला काजूबियांची आवक भरात असते. पावत्यांचा संगणक-प्रोग्राम तपासायला मला बोलावलेल्या खरेदी केंद्रावर सकाळीच रांग रस्त्यापर्यंत आली होती. सत्तरी तालुक्यातल्या गावागावांतून पोती आलेली, आणि रांगेत कुजबुज चाललेली की हे लोक काटा मारतात. एका आजीने पावती माझ्यापुढे धरली. "बाबा, माझे बासष्ट किलो पाचशे भरले. हांगा बासष्टच लिहिलेत. पाचशे ग्रॅम गेले कुठे?"

काटा चोख होता. गोदामातला माल उलट पावत्यांच्या बेरजेपेक्षा जास्त भरत होता. तरी संशय संगणकावरच्या मुलीवर आला होता आणि ती रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, "बाय, रोज करतेस तशी एक नोंद करून दाखव."

छोटी खिडकी उघडली, 'वजन टाका'. तिने ६२,५०० टाइप करून एंटर दाबलं. पावतीवर ६२.

आधी ती हाताने वही लिहायची. वहीत किलो आणि ग्रॅम यांच्यामध्ये स्वल्पविराम देण्याची तिथली पद्धत. तिने तेच केलं होतं, आणि त्यात तिचं काहीही चुकलं नव्हतं. प्रोग्राम व्हिज्युअल बेसिक ६ मधला, म्हणजे १९९८ च्या पिढीचा. त्यातली ती छोटी खिडकी म्हणजे इनपुटबॉक्स; तो आकडे मागत नाही, नुसता मजकूर परत देतो. त्या मजकुराचा आकडा करायला 'व्हॅल' नावाचं तयार फंक्शन वापरलं होतं. व्हॅल डावीकडून वाचत जातं, न समजणारं पहिलं अक्षर लागलं की थांबतं, आणि तोवर वाचलेला आकडा देऊन मोकळं होतं. चूक झाल्याचा संदेश नाही, काही नाही. स्वल्पविरामाऐवजी मोकळी जागा सोडली असती तर व्हॅलने ती गाळून साडेबासष्ट हजार किलो केले असते. ते निदान कुणाच्या डोळ्यांत आलं असतं. अर्धा किलो येत नाही. तो फक्त पोतं डोक्यावरून आणणाऱ्यालाच कळतो.

केंद्राच्या सचिवांना व्हॅल काढून 'सीडबल' हे आकडा करणारं दुसरं फंक्शन घालायचा सल्ला कुणीतरी दिला होता. मी करून दाखवलं: सीडबल स्वल्पविराम हजारांचा समजतं, आकडा ६२५००. आकडा आहे की नाही हे सांगणारं 'इजन्युमेरिक'ही याच मजकुराला बिनदिक्कत होकार देतं.

नोंदी चाळताना शून्य किलोच्या पावत्याही सापडल्या. खिडकी रद्द केली की इनपुटबॉक्स रिकामा मजकूर देतो, व्हॅल त्याचा शून्य करतं, आणि पावती निघते. 'नको' म्हणणाऱ्या माणसाच्या नावावर व्यवहार चढवणं मला फार गंभीर वाटतं.

इनपुटबॉक्स मी काढूनच टाकला. त्याजागी स्वतःचा छोटा फॉर्म केला: किलोचा एक रकाना, ग्रॅमचा दुसरा, वहीत होते तसे. ग्रॅम ९९९ च्या पुढे जात नाहीत. दोन्हींत फक्त अंक, आणि तपासणी 'ठीक' दाबल्यावर पुन्हा एकदा, कारण चिकटवलेला (पेस्ट केलेला) मजकूर एकेक कळ दाबताना होणाऱ्या तपासणीला चुकवून आत येतो. एस्केप दाबलं तर काहीच नोंदलं जात नाही. पावतीआधी वजन ठळक अक्षरांत दिसतं, आणि संगणकाचा पडदा रांगेकडे वळवून ठेवायला मी सांगितलं.

जुन्या पावत्यांचं काम किचकट होतं. मुलीने मुळात काय टाइप केलं ते प्रोग्रामने कुठेच ठेवलं नव्हतं. तोलणाऱ्या काकांच्या पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या मात्र तारखेवार सुतळीत ओवलेल्या होत्या. त्यांवरून फरक काढून सचिवांनी पैसे द्यायला सुरुवात केली. आजींना त्याच दिवशी मिळाले.

शेवटी उचलीच्या, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांच्या नोंदीचा पडदा राहिला. तिथेही तोच इनपुटबॉक्स, पण रुपयांत ५,००० लिहिताना स्वल्पविराम खरोखरच हजारांचा असतो. म्हणून तिथे स्वल्पविराम चालू ठेवला, प्रोग्रामकडून आधी गाळून घेतला, आणि रक्कम अक्षरी दाखवल्याशिवाय पावती निघणार नाही असं केलं.