इसवण आज नाय

आमच्या नागपूरच्या घरी मासोळी म्हणजे भोईपुऱ्याच्या बाजारातली. रविवारी सकाळी बाबा, म्हणजे माझे सासरे, कापडी पिशवी घेऊन निघतात आणि रोहू नाहीतर कतला घेऊन येतात. नशीब जोरावर असलं तर मरळ, एखाद्या वेळी झिंगे. समुद्राची मासोळी त्यांच्या हिशेबातच नाही. "चार दिवस बर्फात झोपून आलेल्या पाहुण्याले कायले आपल्या कढईत घ्यायचं?" हा त्यांचा सवाल, आणि झिरो माइलच्या गावात राहून त्याला उत्तर देता येत नाही. कोणत्याही दिशेला तोंड करा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. सुरमई आपल्याकडे थर्माकोलच्या खोक्यातूनच येणार.

म्हणून यंदा दिवाळीत ठरवलं की आपणच तिच्या माहेरी जाऊ.

नागपूर-मडगाव गाडी रोज नसते, तेव्हा आधी तिची तारीख पाहिली आणि मग सुट्ट्या टाकल्या. आम्ही पाच जण होतो: मी, नवरा, आई-बाबा आणि दहा वर्षांचा आमचा पोट्टा. वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ हे आपलं नेहमीचं. रात्री झोपेत घाट उतरला आणि सकाळी जाग आली ती बोगद्यात. सासूबाईंच्या डब्यातल्या तिखट पुऱ्या चिपळूणपर्यंत पुरल्या. कुडाळला उतरून तिथून तीसेक किलोमीटर मालवण. प्रवासाचं एवढंच, कारण मला लिहायचंय जेवणाबद्दल.

पहिल्या संध्याकाळी आम्ही तेच केलं जे सगळे करतात. समुद्राला लागून, पायाखाली वाळू, माडांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा, अशा एका हॉटेलात शिरलो. नाव सांगत नाही. टेबल मस्त मिळालं, लाटा अगदी वीस पावलांवर. मेन्यू कार्ड यायला पंचवीस मिनिटं लागली. त्यात सुरमई, पापलेट, खेकडा या तिन्हींपुढे भावाच्या जागी एकच शब्द, 'साइजप्रमाणे'.

"साइज काय आहे?" नवऱ्याने विचारलं.

"मिडियम आहे सर."

"आणि भाव?"

"तो बिलात येतो."

हे वाक्य त्या पोराने इतक्या निरागसपणे टाकलं की आम्ही हसलो. हसायला नको होतं. सासूबाई माळकरी आहेत, त्यांच्यासाठी व्हेजमध्ये काय आहे विचारलं तर पनीर. समोर अरबी समुद्र, डोक्यावर नारळ आणि ताटात पनीर बटर मसाला. त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, नुसती पोळी चहात बुडवून खाल्ली. सुरमई आली ती वरून रव्याने कडक आणि आत कोरडी, तोडली की भुसभुशीत. बाबांनी तुकडा नाकाशी नेला, परत ताटात ठेवला आणि म्हणाले, "भोईपुऱ्यात ही असती तर बारा वाजेपर्यंत मांजराले गेली असती." तक्रार करावी तर ऐकायला कोणी हवं ना! वाढपी सगळे दूरच्या एका मोठ्या ग्रुपच्या टेबलाभोवती होते. सोलकढीचा ग्लास संपला म्हणून अजून मागितली, तर तिचे वेगळे पैसे.

मग बिल. जेवणाचे २,६०० रुपये, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज २६० आणि या दोन्हींच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी १४३. एकूण ३,००३. जीएसटी कायद्याने आहे, तो द्यायचाच. सर्व्हिस चार्ज मात्र हॉटेलवाल्याला बिलात आपोआप जोडता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. द्यावासा वाटला तर गिऱ्हाइकाने खुशीने द्यावा. मला तो तीन रुपयेही द्यावासा वाटत नव्हता. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "सिस्टिममध्ये ऑटोमॅटिक लागतो मॅडम, निघत नाही." मी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मोबाइलवर लावून स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. निघाला. २,७३० चं नवं बिल आलं. पण २७३ रुपये वाचले म्हणून चव परत येत नाही. खोलीवर जाऊन आम्ही चिवडा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच होडीने सिंधुदुर्ग किल्ला. कुरटे बेटावर १६६४ मध्ये शिवरायांनी बांधायला घेतलेला. इतिहास तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. बाबांना तिथल्या दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरींनी वेड लावलं. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये गोडं! परतताना होडीवाल्याला मी विचारलं, "दादा, तुम्ही जेवता कुठे?"

"घराक."

"आणि घरी स्वयंपाक नसला तर?"

तो जरा थांबला आणि माडांमागच्या एका गल्लीकडे त्याने हनुवटी केली.

गल्लीच्या टोकाला घर होतं. पुढच्या पडवीत सहा टेबलं, मागच्या दाराबाहेर वाळू, वाळूपुढे समुद्र. पाटीवर फक्त 'घरगुती जेवण'. पन्नाशीच्या एक बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. मी सवयीने "काकू" म्हणाले, तर मागून त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा हसला. तिकडे काकी म्हणतात.

"खंयसून इलात?" काकींनी विचारलं. नागपूर ऐकल्यावर, "संत्री हाडलात काय?"

बाबांनी थेट मुद्द्याला हात घातला, "सुरमई हाय का?"

"इसवण आज नाय."

आता सुरमईलाच तिकडे इसवण म्हणतात हे कळायला आम्हाला मिनिटभर लागला. पण काचेच्या फ्रिजात चांगली हातभर सुरमई आडवी दिसत होती. बाबांनी बोट दाखवलं. काकींनी वळूनही पाहिलं नाही. "ती परवाची. आमी घरात खातलो. गिऱ्हायकाक देवचंय नाय."

नवऱ्याने मग स्पर्धा परीक्षेच्या थाटात पापलेटचा विषय काढला. २०२३ मध्ये सरकारने पापलेटला राज्य मासा जाहीर केलंय वगैरे. काकी म्हणाल्या, "राज्याचो झालो, पण आमका गावता खंय?" आणि आत जाऊन परात घेऊन आल्या.

परातीत दहा-बारा बांगडे. निळसर हिरवी पाठ, त्यावर लांबीने गेलेल्या गडद रेघा, पोट चांदीसारखं. त्यांनी एकाचा कल्ला अंगठ्याने उघडून दाखवला, आत लालभडक. डोळे फुगीर, स्वच्छ, खोल गेलेले नाहीत. "दाब," त्या पोट्ट्याला म्हणाल्या. त्याने बोट दाबलं, खड्डा पडला आणि बोट काढताच भरून आला. त्याने आणखी तीन बांगडे दाबून पाहिले. वासाचं म्हणाल तर समुद्राच्या वाऱ्यापेक्षा वेगळा काहीच वास नव्हता. बाबा गप्प झाले. भोईपुऱ्यातल्या चाळीस वर्षांच्या अनुभवाने गप्प होणं ही मोठी पावती असते, हे मला घरात राहून माहीत आहे.

भाव आधीच सांगितला. बांगडा थाळी अडीचशे, तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, वाटी शंभर, कोळंबी दोनशे, शाकाहारी ताट दीडशे. सासूबाईंना काही विचारावंच लागलं नाही. "माळ दिसली माका. तुमचा वेगळ्या टोपात करतंय." काळ्या वाटाण्यांचं सांबार आणि घावणे. आदल्या रात्रीचं पनीर आठवून सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

वेळही आधीच सांगितला. "अर्धो-पाऊण तास लागतलो. थंय रापण वडतत, बघून येवा."

गेलो. मला वाटतं या सहलीतला सगळ्यात चांगला अर्धा तास तोच. होडीने पाण्यात अर्धगोल टाकून आलेलं लांबच लांब जाळं आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावर. दोन्हीकडे दोरावर पंधरा-वीस माणसं, म्हातारे आणि बायासुद्धा. सगळे मागे मागे सरकत, वाळूत टाचा रोवून ओढतायत. शेवटचा माणूस दोर सोडून पुढे पाण्याजवळ येतो आणि पुन्हा पहिला होतो. पोट्टा कोणाला न विचारता दोराला लागला, कोणी हाकललं नाही. जाळं जवळ आलं तसं पाणी उकळल्यासारखं झालं. तारल्या, छोटे बांगडे आणि एक जेलीफिश, जी एका आजोबांनी काठीने उचलून लांब भिरकावली. मासळीचे वाटे पडायला लागले तेव्हा पोट्ट्याच्या हातात कोणीतरी दोन तारल्या ठेवल्या. ओढलं ना, मग वाटा! त्या दोन तारल्या काकींनी वेगळ्या तळून त्याच्याच ताटात वाढल्या. त्याचे पैसे लावले नाहीत, हे बिलात पाहिलं तेव्हा कळलं.

जेवण. बाबांनी आमटीत बोट बुडवून आधी रंग पाहिला. "तर्री कुठंय?" सावजी रश्शावर वाढलेला माणूस, वर बोटभर तेलाचा तवंग नसला तर त्याला जेवण अर्धवट वाटतं. ओल्या खोबऱ्याची, आमसुलाच्या आंबटपणाची ती केशरी आमटी पाहून ते पुटपुटले, "हे तर लेकराचं जेवण हाय." आणि तेवढ्यात त्यांनी आमटीतलं तिरफळ चावलं. काळपट, उघड्या शिंपल्यासारखं ते दिसतं, मिरी समजून माणूस चावतो. जीभ झणझणली, मग मुंग्या, मग बधिर. बाबा डोळे विस्फारून बसलेले. काकींचा पोरगा पाणी घेऊन धावला, काकी हसू दाबत म्हणाल्या, "तां खावचा नसता, बाजूक काढूचा." माश्याचा उग्रपणा मारायला तिरफळ घालतात, वासापुरतं. त्यानंतर लेकराच्या जेवणाबद्दल बाबांनी अवाक्षर काढलं नाही. भात तीनदा घेतला.

मला काट्यांची भीती. रोहूच्या बारीक दुहेरी काट्यांनी नागपूरकराचा घसा सावध झालेला असतो. त्या पोराने माझ्या ताटातला तळलेला बांगडा बोटांनी पाठीवरून हलकेच दाबला, वरची बाजू अलगद सुटली, मधला काटा शेपटीकडून धरून उचलला तो डोक्यासकट एका ओढीत बाहेर. "बास. आता डोळे मिटून खावा." सांगितलं आणि गेला. उभं राहून 'सगळं ठीक ना मॅडम' केलं नाही. पण सोलकढीचा ग्लास अर्धा झाला की जग घेऊन हजर. आपल्या जुन्या सावजी खानावळीत असंच असतं, वाढपी एक शब्द बोलत नाही आणि रश्श्याची वाटी रिकामी दिसत नाही.

काकींचे यजमान मग पडवीत येऊन बसले. बोलता बोलता म्हणाले, १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, एकसष्ट दिवस, अंडी घालण्याचा हंगाम म्हणून. त्या दिवसांत त्यांच्याकडे बिनइंजिनाच्या छोट्या होडीला जे मिळेल ते, नाहीतर सुकटाची चटणी, नाहीतर डाळभात. "जुलैत कोण ताजी इसवण म्हणून वाढीत असला तर त्याका विचारा, होडी खंयची." मला आदल्या रात्रीचं ते 'मिडियम' आठवलं, पण तो तर नोव्हेंबर होता. त्या हॉटेलवाल्यांकडे होड्या होत्या, मासळी होती, सगळं होतं.

बिल कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आलं. तीन थाळ्या साडेसातशे, सासूबाईंचे दीडशे, कोळंबी दोनशे, तिसऱ्या शंभर. बाराशे. बाबांनी पंधराशे ठेवले, तीनशे परत आले. मग आम्ही पिशवीतून संत्रा बर्फीचा डबा काढला, तो मात्र काकींनी दोन्ही हातांनी घेतला आणि बदल्यात आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाची, बाटली दिली. तिचे पैसे विचारले तर ऐकू न आल्यासारखं केलं.

ती बाटली परतीच्या गाडीत भुसावळच्या आसपास गळली. बाबांची कापडी पिशवी कायमची जांभळी झाली. सासूबाईंनी दोनदा भिजत घातली, डाग गेला नाही.

परवाच्या रविवारी बाबा तीच पिशवी घेऊन भोईपुऱ्यात गेले, मी सोबत होते. नेहमीच्या भाऊच्या पाटीसमोर उकिडवे बसले, रोहूचा कल्ला उघडला, डोळा पाहिला, बोट दाबलं, वास घेतला. भाऊ बघतच राहिला. "काय बाबूजी, इतकी वर्षं झाली घेता, आज सीबीआय झाले का?"

बाबांनी मान वर केली. "इसवण हाय का?"

"काय हाय का?"

बाबा इतके खूश झाले की भाव न करता दोन किलो रोहू घेऊन आले.