तुम्ही विचारलंत म्हणून: त्या माळावर असतं तरी काय?

बीडला घरी कुणी आलं आणि खुंटीला दुर्बीण दिसली की हमखास विचारतात, पाटोद्याकडं नायगावला जाता ना, मोर दिसले का? दिसतात की, मयूर अभयारण्यच आहे ते, १९९४ सालचं. जून-जुलैत जा, पिसारा बघायला मिळेल, दिवाळीत लेकरं घेऊन गेलात तर बिनपिसाऱ्याचा मोर बघून हिरमुसतील, पावसाळा सरता सरता तो पिसं गाळून बसलेला असतो. पण खरं सांगू का, मी मोरासाठी जातच नाही. झाडी संपून माळ सुरू होतो ना, तिथं जातो, तेही उन्हाळ्यात.

गेल्या मे महिन्यात एक माळटिटवी माझ्या डोक्यावर सारखी ओरडत फिरायली, म्हणजे अंडी जवळपास असणार एवढं कळलं पण दिसेनात. मागं सरकून बाभळीखाली गुपचूप बसलो तेव्हा कुठं ती खाली उतरली आणि खड्यांवर बसली. दुर्बीण लावली तर त्यातले चार खडे म्हणजे अंडी, मातकट, काळपट ठिपक्यांची. घरटं नाही, काडी नाही. मगाशी मी तिथून हातभरावरून चालत गेलो होतो, आठवलं तरी पोटात गोळा येतो.

ऊन चढलं तशी ती उडाली, पाणवठ्याकडं गेली, आणि पोटाची पिसं भिजवून आली ती तशीच ओली अंड्यांवर टेकली. अंडी गार ठेवायला हे पक्षी असं करतात हे वाचलेलं होतं, बघितलं पहिल्यांदाच. आमच्या गल्लीत त्या दिवशी टँकर आला नव्हता, ते वेगळंच.

म्हणून कुणी "उजाड पडलंय, झाडं लावून टाकू" म्हणालं की मला धडकी भरते. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या येतो, एवढा शिकारी पक्षी पण रात्री झोपतो गवतात, जमिनीवरच. त्याला तुमची झाडं काय करायचीत?

तर त्या दिवशी शेळ्या घेऊन एक मामा आले. "काय हरपलंय का सायब?" टिटवी दाखवली तर म्हणले, "अंडी किती हायत?" चार. "मग चारी महिने पाऊस!" आता माळटिटवी बहुतेक वेळा चारच घालते, पण त्यांचा चेहरा असा खुलला होता की मी गप बसलो. जाताना शेळ्या मात्र त्यांनी बाभळीला वळसा घालून नेल्या, मी काही न सांगता.