गुडघा नेमका कुठं दुखतो?

मी कराडला फिजिओथेरपी करते. गुडघेदुखीचा पेशंट आला की आधी फाईल उघडत नाही. "एका बोटानं दाखवा, कुठं दुखतं," असं विचारते. बहुतेक बायकांचं बोट आतल्या अंगाला, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या बाजूला जातं. काहीजणी वाटीवर अख्खा तळवा ठेवतात. बाहेरच्या अंगाला बोट ठेवणारे थोडे. "वय झालं, झीज होणारच" हे मात्र सगळ्यांनाच ऐकवलेलं असतं. त्यावर माझा मनापासून आक्षेप आहे. गुडघ्याच्या या तीन जागा बऱ्याचदा वेगवेगळ्या कारणांनी झिजतात. ते कारण शोधलंच नाही, तर उपचार नुसते गोळ्या आणि पट्ट्यावर येऊन थांबतात.

आतल्या बाजूचं आधी सांगते, कारण तिथलेच पेशंट सर्वाधिक. पाय सरळ असला तरी चालताना गुडघ्यावरच्या भारापैकी साधारण ६० ते ७० टक्के भार आतल्या कप्प्यातून जातो. म्हणून वजन वाढलं की ते आधी तिथं जाणवतं. त्यात पाय फेंगडे असतील, म्हणजे दोन्ही घोटे जुळवून उभं राहिल्यावर गुडघ्यांत फट राहत असेल, तर भार आणखी आत सरकतो. झीज आधीच सुरू झालेल्या गुडघ्यांवर शिकागोमध्ये झालेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा वाकलेल्या पायांत दीड वर्षात आतली झीज वाढण्याची शक्यता सुमारे चौपट होती. आतली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजली की पाय आणखी वाकतो, वाकला की ती आणखी झिजते. हे चक्र जितकं लवकर अडवता येईल तितकं बरं. इथं वजनाचा हिशोब मी प्रत्येकीला सांगतेच: १ किलो कमी केलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो. दिवसाची पावलं मोजली की बायकांचा चेहरा बदलतो.

बाहेरच्या अंगाला दुखत असेल तर मी दोन गोष्टी पाहते. एक, उभं राहिल्यावर गुडघे एकमेकांना चिकटतात का. दुसरी, जुनी दुखापत. आमच्या भागात कबड्डी आणि कुस्ती खेळलेले पुष्कळ. ऐन विशीत गुडघा पिळवटतो, हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट तुटतं, हाडांमधली गादी (मेनिस्कस) फाटते. पूर्वी तर फाटलेली गादी सरळ काढून टाकत. बाहेरच्या कप्प्यात ही गादीच बराचसा भार पेलते, त्यामुळे ती गेल्यावर चाळिशीतच गुडघा बोलायला लागतो. या माणसांना 'वय झालं' कसं म्हणायचं? शिवाय सगळीकडे आतलीच बाजू तितकी पुढं असते असंही नाही. बीजिंगच्या वृद्धांची तुलना अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या लोकांशी केली तेव्हा बाहेरच्या कप्प्याची झीज बीजिंगमध्ये जास्त आढळली.

त्याच बीजिंगच्या लोकांमध्ये तरुणपणी रोज बराच वेळ उकिडवं बसण्याचा आणि म्हातारपणच्या गुडघ्याच्या झिजेचा संबंधही दिसला. हे वाचताना मला भांगलायला जाणाऱ्या आमच्या बायका आठवतात. दिवसभर उकिडवं बसून सरी-सरीनं पुढं सरकायचं, संध्याकाळी परत चुलीपुढं बसायचं. त्यांना "खाली बसू नका" म्हणणं सोपं आहे, पण मजुरी कोण देणार? मी बसायला बुटकं स्टूल घ्यायला सांगते आणि मध्येमध्ये उठून पाय सरळ करायला.

वाटीमागचं दुखणं सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं. सपाट रस्त्यावर चालताना फारसा त्रास नसतो. जिना उतरताना, खुर्चीतून उठताना कळ येते. मांडीचे पुढचे स्नायू कमजोर असतील किंवा वाटी खाचेतून बाहेरच्या बाजूला सरकत असेल, तर तिच्या मागचा भाग घासत राहतो. समोरून काढलेल्या एक्स-रेत हे नीट दिसत नाही, म्हणून "रिपोर्ट नॉर्मल आहे" असं सांगून बाईला घरी पाठवलं जातं. तिची कळ खरी असते.

गुडघ्याचा एक्स-रे सांगितला असेल तर तो उभं राहून काढायचा का, हे विचारून घ्या. झोपून काढला तर भार पडल्यावर सांध्यातल्या हाडांमधली फट किती कमी होते ते समजत नाही. आणि दुखणं वाटीभोवती असेल, तर गुडघा वाकवून वाटीचा वेगळा एक्स-रे काढतात, त्याला स्कायलाइन व्ह्यू म्हणतात. तो लागेल का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.